डन्सफर्डची वेदरटन शाखा पहिली आली

१५ जानेवारी, सोमवार
आज मी डन्सफर्डच्या वेदरटन शाखेचा मॅनेजर झालो. बावीस वर्षं असिस्टंट होतो, पण गुणांची कदर उशिरा का होईना, होतेच. आधीचे मॅनेजर बॅगशॉ सकाळी आले, मफलर आणि चहाचा मग उचलला, किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि चालते झाले. जाता जाता म्हणाले, कंपनी बुडाली, डन्सफर्डची सगळी एकवीस दुकानं ईस्टरपर्यंत, म्हणजे मार्चअखेर, बंद होणार. बढतीच्या दिवशी असलं कुणी बोलतं का?

बायकोला, ग्लेनिसला, बातमी दिली (मॅनेजर झाल्याची). तिने विचारलं, पगार वाढला का? या बाईला पदाचं महत्त्व कळत नाही.

संकल्प : उद्यापासून रोज टाय.

१७ जानेवारी
टाय सापडला नाही.

बुडालेल्या दुकानांचा माल विकून देणी वसूल करणाऱ्या कंपनीचा माणूस आला. नाव अ‍ॅशली. घोट्याच्या वर संपणारी पँट. शोकेसच्या काचांवर 'दुकान बंद होत आहे, सगळं विकायचं आहे' असे पिवळे फलक डकवले. मी ते जरा तिरके केले, म्हणजे वाचणाऱ्याला गंभीर वाटू नयेत. शाखांनी किती टक्के माल खपवला त्याची क्रमवारी दर सोमवारी ईमेलने येणार. मी विचारलं, पहिला येईल त्याचं काय? तो म्हणाला, त्याचा निर्णय सगळ्यांच्या आधी होईल.

समजलं. पहिली शाखा वाचणार. मला नुसता इशारा पुरतो.

लगेच स्टाफची मीटिंग, चहा-बिस्किटांसकट. गल्ल्यावरच्या डोरीनने हात वर केला. म्हणाली, साहेब, मला रोपांच्या नर्सरीतल्या कॅफेत काम मिळालंय, पण ते ईस्टरनंतर. तोवर इथला पगार चालू राहील ना? म्हटलं, डोरीन, तू इथूनच रिटायर होशील, माझा शब्द. ती म्हणाली, मी फक्त ईस्टरचं विचारलं होतं.

२२ जानेवारी
आपण चौदावे. एकविसावी हॅकनबी शाखा, म्हणजे तिथला मॅनेजर नायजेल कॉब. दुसरं कोण असणार! हा माणूस दुकान उघडं टाकून तळलेला मासा खायला जातो. गेल्या ख्रिसमसच्या पार्टीत कागदी मुकुट घालून खुर्चीत घोरत होता. त्याच्या स्टाफची कीव येते.

२७ जानेवारी, शनिवार
तोबा गर्दी! सगळं वेदरटन लोटलं. निम्मे लोक रडत होते. एका बाईंनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्यांचे शाळेचे पहिले बूट इथले, आईच्या घरचे पडदे इथले, लग्नातले टॉवेल इथले. म्हटलं, मग इतक्या वर्षांत दिसला नाहीत? म्हणाल्या, आता सगळं फोनवरच मागवते ना. मग एक किचन टॉवेल घेतला आणि त्याला घडी पडलीय म्हणून आणखी सूट मागितली. दिली. भावनेची कदर करावी माणसाने.

मालाचा ट्रक आला नाही. ड्रायव्हर आजारी असणार.

५ फेब्रुवारी
सहावे!! याला म्हणतात नेतृत्व.

एका गृहस्थाने रिकाम्या रॅकची किंमत विचारली. अ‍ॅशलीला फोन केला. म्हणाला, फर्निचरही धरतो आम्ही टक्केवारीत. आधी का नाही सांगितलं? संध्याकाळपर्यंत रॅक, आरसे आणि कपडे दाखवायचे सहा पुतळे खपवले. पुतळे एका म्हाताऱ्याने भाजीच्या वाफ्यात बुजगावणी म्हणून नेले. एकाला गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून पट्टासुद्धा बांधला. माझी ऑफिसची खुर्चीही गेली. उभ्याने काम करणं पाठीला चांगलं.

(पाठ दुखतेय.)

८ फेब्रुवारी
दोनपैकी एक गल्ला विकला. त्यामुळे रांग पार बंद पडलेल्या बँकेपर्यंत गेली, आणि रांग दिसली म्हणून आणखी लोक लागले. एक आजोबा तासभर उभे राहून डोरीनसमोर आले आणि विचारू लागले, ही रांग कसली आहे? मी त्यांना इस्त्रीचं टेबल विकलं.

डोरीन म्हणाली, साहेब, जरा दमानं घ्या, माल संपत आलाय. म्हटलं, म्हणूनच तर जोर लावायचा. ती माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.

१२ फेब्रुवारी
दुसरे! ग्लेनिस म्हणते, ट्रक येत नाही, मग माल संपल्यावर विकणार काय? म्हटलं, आधी पहिला नंबर, मग ट्रक आपोआप येतील. ती म्हणाली, माल्कम, सुपरमार्केटमध्ये माणसं घेतायत, अर्ज तरी कर. मॅनेजरने अर्ज करायचा? अर्ज मागवायचे असतात.

पंचवार्षिक योजना लिहायला घेतली. शीर्षक झालं.

१३ फेब्रुवारी
आज पॅनकेकचा मंगळवार, घरोघरी पॅनकेक करायचा दिवस. साडेअकरापर्यंत सगळे तवे संपले. गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून स्टाफरूममधली किटली विकली. मग फ्रिज विकला. त्यात डोरीनचं सँडविच होतं. ती बोलत नाहीये. मोठ्या कामात थोडा त्याग आलाच.

१९ फेब्रुवारी, सोमवार
पहिले!!! एकवीस शाखांत पहिले! टाय सापडला. केक आणला. सुरी विकली गेल्यामुळे फूटपट्टीने कापला.

दुपारी अ‍ॅशली स्वतः आला. हात मिळवला. दुकानभर नजर फिरवली. फक्त कार्पेट उरलं होतं, आणि तेही एक जोडपं मोजत होतं. म्हणाला, कमाल केलीत, एवढ्या लवकर कुणीच रिकामं केलं नाही. बुधवारी पाच वाजता कुलूप लावू.

म्हटलं, अहो, पण आम्ही पहिले आलो! म्हणाला, हो ना, म्हणून पहिले तुम्ही. रिकाम्या दुकानाचं भाडं कोण भरणार? बाकीच्यांचं जसजसा माल संपेल तसतसं. हॅकनबी मेपर्यंत चालेल, तिथे कॉब काही विकतच नाहीत.

पगार? बुधवारपर्यंतचा.

डोरीन सगळं ऐकत होती. ईस्टर अजून लांब आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली फूटपट्टी घेतली, पुसली आणि केक सगळ्यांना वाटला. मला फार, फार वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी
कुलूप लावलं. निरोपाला कुणी रडलं नाही. एकाने कुलपाची किंमत विचारली.

२२ फेब्रुवारी
नायजेल कॉबचा फोन. त्याची दोन माणसं सोडून गेलीत. डोरीनला आधीच विचारलं, ती त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली. आता मला विचारतोय. असिस्टंट म्हणून. मागच्या गोदामात. गिऱ्हाइकांसमोर यायचं नाही, ही डोरीनची अट.

मोठ्या मनाने हो म्हटलं. शिवाय शब्द दिला, नायजेल, दोन आठवड्यांत तुझी शाखा पहिल्या नंबरावर आणतो.

 नायजेल म्हणाला, जरा ग्लेनिसला फोन दे.

दोघं खूप वेळ बोलले. तिने फोन ठेवला, माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, सोमवारपासून जायचंय. तिथे वाटेल ते कर, माल्कम, झोप काढ, मासे खा, पण देवाची शपथ आहे तुला, कुणाला काही विकू नकोस.

प्रयत्न करतो म्हणालो.