जसंच्या तसं घर

ग्वायाकिल, ६ फेब्रुवारी १९९४
चि. यादिरास, अनेक आशीर्वाद.

अगं, शेजारच्या लिखियाच्या पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बसल्या, वारा जायला फट झाली, आणि आमच्या वाट्याला काय? भिंतीवर तुझी उष्णता मोजायची पेटी! तुझ्या कॉलेजातल्या सरांना म्हणावं, पेटीनं वारा येत नाही. लिखिया दुपारची झोपते गं, घोरते! इथे तुझे आजोबा डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडलेत, भाताला शिवत नाहीत. आमचं छप्पर कधी? कुएंकाच्या थंडीत स्वेटर घालून बसलीस, म्हणून विसरलीस होय?

लोभ आहेच, त्याहून घाम जास्त.
तुझी निन्फामावशी

कुएंका, १० फेब्रुवारी
ती. मावशीस, सा. न.

लिहायचं धाडस होत नव्हतं. छप्पर बदललेल्या घरांशी उष्णता ताडून बघायला एक घर जसंच्या तसं ठेवावं लागतं. ते आपलं. परक्याला उकाड्यात राहा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून मीच आपल्या घराचं नाव दिलं. सर म्हणाले, मार्चअखेरच्या आत छपराला हात लागला तर तुझा वर्षाचा अभ्यास वाया, ठरवायचं तुझ्या घरच्यांनीच. आजोबांना दुपारी लिखियाकडे नेशील का?

रागावलीस तरी माया तोडू नकोस.
तुझी यादिरा

ग्वायाकिल, १५ फेब्रुवारी
चि. यादिरास, आशीर्वाद.

कसली लिखियाकडे नेतेय! त्यांना कुशीवर वळवायला दोघं लागतात. येत्या रविवारी आपल्या घराची मिंगा ठरलीय. अख्खी गल्ली येऊन तट्ट्या ठोकणार, मी फक्त मासळीचं सार घालायचं. पाळी सोडली तर पाऊस सरेपर्यंत पुन्हा नाही. मी हो म्हणून आले, तर आजोबांनी पेटीकडे बोट केलं. म्हणाले, पोरीचं वर्ष आहे त्यात, छपराला हात लावलास तर मला लावू नकोस. कालपासून पाणीही चमच्यानं पाजतेय. मी ओरडले, रडले. पेटी फोडायला केळी ठेचायचा दगड उचलला, तर ते माझ्याकडे बघून हसले गं. ठेवला दगड खाली.

माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आजोबा, छप्पर करू द्या, एवढं तुझ्या हातानं लिही. मी वाचून दाखवीन. तुझं वर्ष जाईल, कळतं मला. तरी मागतेय.

मासळी शनिवारी दुपारी आणावी लागते. शनिवारी सकाळच्या बसनं उत्तर पाठव. हो की नाही, तेवढं कळव.

निन्फामावशी