मंजूच्या मागे चार शब्द

५ जाने. १९८५, शनि.
मंजूला बर्फावर नेलं एकदाचं. डोळे जाऊन दीड वर्ष, वय चौदा, आणि हट्ट काय तर स्की शिकायचं! हे म्हणाले, "पडली तर तू जबाबदार." वा रे वा! शिकवणारी रूथ. तिनं मंजूला विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, हो, फार भित्री आहे. रूथ म्हणाली, "मी तिला विचारलं." कानफटात बसल्यासारखं झालं.

१९ जाने.
रीत अशी: आंधळ्याच्या मागून स्की करत यायचं, शब्द चारच. लेफ्ट, राइट, गो, सिट. 'सिट' म्हणजे असशील तिथे बसकण मार. पाचवा शब्द नाही. माणसं कमी, म्हणून रूथ आयांनाही शिकवते. ते बूट! सात वेळा आपटले. मंजू हसली. किती दिवसांनी.

२ फेब्रु.
माझ्याच डोळ्यांवर पट्टी. रूथ मागून मुद्दाम ओरडली, "केअरफुल! केअरफुल!" जागीच थिजले. कशापासून जपू? कुठे? मी दिवसभर मंजूला हेच तर म्हणते.

१६ फेब्रु.
आज मंजूच्या मागे मी. पहिली दोन वळणं झकास. मग एक माणूस आडवा आला. 'सिट' म्हणायचं, तर तोंडातून काय, "अगं अगं अगं! सांभाळ! देवा!" पोरगी गोंधळली, थेट उताराच्या कडेच्या जाळीत गेली. मनगट मुरगळलं.
"आई, यू वर प्रेइंग! मला फक्त सिट हवं होतं."
ह्यांनी घरी तिच्या मनगटाला पट्टी बांधली, माझ्याकडे न बघता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रु., बुध.
स्वैपाकघरात प्रॅक्टिस. मंजू टेबलाभोवती, मी मागे. तापल्या तव्याकडे निघाली. 'अगं' ओठांवर आलं ते गिळलं, म्हटलं, "सिट!" पटकन खाली बसली. हे दारातून बघत होते. म्हणाले, "शनिवारी मी येत नाही. बघवणार नाही मला."

२३ फेब्रु., शनि.
मंजूला आज मोठ्या उतारावर जायचंय. रूथ म्हणाली, मागे कोण हवं ते मंजू ठरवेल. 'मीच' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. शाबास मी. मंजूनं हातमोजे घट्ट केले. मग म्हणाली,
"आधी आईला विचारा, तिला भीती वाटते का."
रूथ माझ्याकडे वळली. बूट घालून येते म्हणून गाडीत आले, आणि ही वही काढून बसलेय. वाटते. फार वाटते. दोघी तिथे माझ्या उत्तरासाठी उभ्या आहेत, आणि बूट एकाच पायात चढलाय.