तुम्ही म्हणाल तसं

आई, काल लेबर वॉर्डात तुझी आठवण आली आणि तिच्याबरोबर जुना रागही. नागपूरची मुलगी होती, पहिलटकरीण. जोर करून करून दमलेली, आणि बाळाचे ठोके कळेगणिक उतरत होते. व्हॅक्यूमचा कप लावून बाळ ओढावं लागेल, नाहीतर सिझेरियन, हे मी तिला समजावलं. बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर मराठीत बोलतेय म्हटल्यावर तिला इतकं हायसं वाटलं की ती लगेच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम." नवरा त्याच्याही पुढे. "डॉक्टर, प्लीज गो अहेड, आमची काही हरकत नाही."

तू बाळंतपणं करायचीस त्या दवाखान्यात विषय इथेच संपला असता. अजून डोळ्यांसमोर आहे: मी मेडिकलच्या सुट्टीत तिथे आले आहे, एका बाईला बाळ ओढून काढायचा चिमटा म्हणजे काय ते सांगत बसले आहे, आणि तू मला दंडाला धरून बाहेर काढतेस. "घर पेटल्यावर पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारत बसतात का? बायका माझ्यावर भरवसा ठेवून येतात." ठेवायच्या, खरंच. तुझ्या हाताला यश होतं. पण भरवसा म्हणजे होकार नव्हे, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमची हरकत नसेल हो, पण दुखणार हिला आहे." मग तिला विचारलं, "तुला काय हवंय? एका कळेपुरता वेळ आहे." मिडवाइफ मॉनिटरकडे बघतेय, मी त्या मुलीकडे. मग तिनेच विचारलं,

"कापावं लागलं तर आधी सांगाल? आणि मी थांबा म्हटलं तर थांबाल?"

"थांबेन."

"मग लावा कप."

मध्येच ती खरोखर "थांबा!" म्हणून ओरडली. मी हात सैल सोडला. दोन श्वास घेऊन तीच म्हणाली, "हं, आता." मुलगी झाली, आणि काय रडली म्हणून सांगू!

'तुम्ही म्हणाल तसं' हा होकार धरायचा नाही, असं आज माझ्या हाताखालच्या सगळ्यांना बजावलं. वेळ कमी असतो, मान्य. तेवढ्या वेळात विचारायला शिका म्हटलं. यावर मी मागे हटणार नाही.

माझ्या कानाजवळ चिमट्याचा वण आहे. तेल लावताना तू त्यावरून बोट फिरवायचीस आणि डॉक्टरांनी मला कसं शिताफीने ओढून काढलं ते रंगवून सांगायचीस. त्या गोष्टीत डॉक्टर बोलायचे, आजी बोलायची, बाबा बोलायचे. तू कधीच नाही. हे पत्र माझ्या लॉकरमध्येच राहणार आहे, म्हणून लिहिते. तुला कुणी विचारलं होतं का गं? रोज बायकांना विचारते मी. तुला विचारायचं राहूनच गेलं.