एप्रिलचं ग्रीस

साउथ फोर्क, कोलोरॅडो
१२ मे १९९७

ती. दादा,
सा. न. वि. वि.

मी इथे पोचले. कॅम्पच्या फाटकाजवळची जागा यंदाही मलाच दिली आहे. शेकोट्यांची राख काढायची, आलेल्यांना जागा दाखवायच्या आणि त्या बदल्यात सप्टेंबरपर्यंत फुकट राहायचं. वॉरेन गेल्यावर ही माणसं मला विधवेला एकटीला ठेवतील का, अशी धाकधूक होती. ठेवलं.

आता रागाचं ऐक. घाट उतरताना गाडीमागचा माझा राहता ट्रेलर उजवीकडे ओढत होता. इथे शेजारी रोझेला ट्रुहियो नावाची बाई आहे. तिने तीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या. टायरची कड खाल्लेली बघून ती न विचारता खाली शिरली आणि आतूनच म्हणाली की हा ट्रेलर इथवर ज्या बाईने ओढत आणला तिला मला बघायचंय. मग मलाही आत बोलावलं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची भोकं गोल राहिलेली नाहीत, अंड्यासारखी लांबट झाली आहेत. आतले प्लॅस्टिकचे बुश झिजून भुगा झालेत. बोल्ट अर्ध्यापर्यंत कापले गेलेत. एका पाट्याला तडा आहे. ग्रीसचा टिपूस नाही.

दर एप्रिलमध्ये, तुझ्या गोठ्यामागे, वॉरेन तासभर ट्रेलरखाली असायचा. कोपरापर्यंत काळा होऊन यायचा आणि आता वर्षभर काळजी नाही असं सांगायचा. तू तिथेच असायचास. मग तो तासभर काय करत होता, एवढं मला सांग.

मी सगळं बदलायला घेतलंय. पितळी बुश, पोटातून ग्रीस जाणारे बोल्ट, दुप्पट जाडीच्या पट्ट्या, आधीपेक्षा एक माप जड पाटे, आणि पुढच्या-मागच्या पाट्यांमधला डोलता तुकडा रबर बसवलेला. सामान मागवलं आहे. काम मी स्वतः करणार.

व्हायोलावहिनींना नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट बघते, आणि ती नेहमीसारखी मायेने नव्हे.

तुझी,
अल्बिना


विल्बर, नेब्रास्का
२० मे १९९७

चि. अल्बिना हिस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तू त्या ट्रेलरला हात लावायचा नाहीस. सात हजार पौंड वजन आहे ते, शिवणाचं मशीन नव्हे. तुझं वय चौसष्ट. ज्या बाईने तुला खाली बोलावलं तिला अक्कल नाही. जॅक कधी सरकेल याचा नेम नसतो आणि सरकला की ओरडायलाही वेळ मिळत नाही. मी चाळीस वर्षं लोहारकाम केलंय, मला तू शिकवू नकोस.

सामान परत पाठव. ट्रेलर तिथेच कुणाला तरी विकून टाक आणि बसने इकडे ये. पोस्टासमोरच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. गरम पाणी आहे, खाली माणसं आहेत. या वयात बाईमाणसाने एकटीने डोंगरात राहणं मला आधीपासूनच पसंत नव्हतं. वॉरेन होता म्हणून गप्प बसलो.

आणि गेलेल्या माणसावर असं बोट दाखवू नये. त्याने तुला कधी काही कमी केलं नाही.

इकडे पाऊस बरा आहे. पोराने, गॅरीने, दहा वासरं घेतली. व्हायोलाची कंबर तशीच. माझं ऐकशील ही आशा, आणि ऐकलं नाहीस तर पुढचं मला लिहू नकोस.

तुझा दादा,
लुमीर


साउथ फोर्क
२ जून १९९७

ती. दादा,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहिते. तू वय सांगितलंस, वजन सांगितलंस, गरम पाण्याची खोली सांगितलीस, वासरंसुद्धा मोजलीस. मी विचारलेलं एकच होतं, तेवढं सोडून सगळं आलं.

उजवी बाजू झाली. ट्रेलर चौकटीखाली टेकू लावलेल्या चार लोखंडी घोड्यांवर उभा आहे. घोड्यांखाली फळ्या आहेत, चाकांना दोन्हीकडून ठोकळे आहेत आणि जॅकच्या भरवशावर आम्ही खाली जात नाही. हे तुझ्या झोपेसाठी लिहिलं. पहिले दोन बोल्ट मी वाया घालवले. त्यांच्या डोक्याखाली दाते असतात, ते पट्टीत रुतून बसले पाहिजेत आणि फक्त नट फिरवायचा. मी डोकं फिरवलं आणि दाते घासून गेले. रोझेला म्हणाली, छान, आता हे दोन तुझ्या नवऱ्याच्या थडग्यावर ठेव. मी तिच्यावर चिडले आणि मग इतकी हसले की पाना हातातून पडला.

पण जुना पाटा काढताना चौकटीवरची माती खरवडली, तर खाली पांढरा रंग निघाला. तुझी अक्षरं. लु. कु., आणि पुढे महिना-वर्ष. तू नांगरावर, गेटवर, प्रत्येक कामावर घालतोस तशीच. एप्रिल ८६ पासून एप्रिल ९२ पर्यंत, दर वर्षीची. सात वेळा. वॉरेनची खूण एकही नाही, आणि ब्याण्णवनंतर कुणाचीच नाही.

म्हणजे काम तू करत होतास. मग ते वॉरेनच्या नावावर का? आणि ब्याण्णवला का थांबलं? घाटात स्टिअरिंगवर मी असायचे, दादा. वॉरेनला उताराची भीती वाटायची हे तुला ठाऊक आहे. पाच वर्षं मी हे गाडं उतरवलं.

या खेपेला सरळ लिही. वाकडं लिहिलंस तर मी पाकीट न फोडता परत पाठवीन.

अल्बिना


विल्बर
११ जून १९९७

प्रिय अल्बिना,
स. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या दादाने तीनदा वाचलं आणि खिशात घालून तो शेताकडे गेला. तो लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. मी लिहिलं हे त्याला सांगू नकोस, असं म्हणणार होते. पण लपवून पुरे झालं. सांग हवं तर.

वॉरेनला पाना कुठल्या हातात धरायचा तेही कळत नव्हतं. तो न्हावी, कात्री सोडून त्याच्या हातात काही ठरत नसे. पण ट्रेलर घेताना तुला म्हणाला होता की खालचं सगळं मी बघतो. मग त्याने लुमीरला गळ घातली. काम लुमीर करायचा, वॉरेन शेजारी घोंगडीवर पडून रेडिओवर सामना ऐकायचा आणि शेवटी हाताला ग्रीस फासून घ्यायचा. तुला त्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरात अडकवायचे. खसखस भरलेल्या कोलाचे पावांचं एवढं पीठ चौघांना लागतं का, असं तू एकदा विचारलं होतंस. लागत नव्हतं.

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये तू गावात चर्चच्या विक्रीला गेली होतीस. जमीन ओली होती, जॅक रुतला आणि ट्रेलर खाली बसला. तिथे सुटं चाक पडलं होतं म्हणून लुमीर वाचला, पण छातीवर चाकांचा आस टेकला होता. वॉरेन नुसता भोवती धावत होता. मी धावत आले आणि दुसरा जॅक लावून उचलला. वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून तो कशाखालीही जात नाही. न्हाणीघरातल्या नळाखालीसुद्धा नाही. हे तो कुणाला सांगत नाही, मलाही त्याने कधी सांगितलं नाही, मी बघते. पुढची वर्षं दोघं गोठ्यामागे जायचे, घोंगड्या अंथरून सामना ऐकायचे आणि दोघंही हात काळे करून यायचे. मला ठाऊक होतं. मी पीठ मळत राहिले.

रागावशील तर माझ्यावरही रागाव. तुझा तो हक्क आहे, आणि माया उरली तर ती मागायचा मला हक्क नाही.

व्हायोला


साउथ फोर्क
२३ जून १९९७

ती. दादा,
सा. न. वि. वि.

वहिनींनी मला सगळं लिहिलं. त्यांच्यावर ओरडू नकोस. तुमच्या घरात एकीला तरी लिहिता येतं.

तू दबलास हे वाचून मी दिवसभर राख काढायला गेले नाही. बायबलवर हात ठेवून सांगते, त्या वीस मिनिटांसाठी मी रडले. पण त्याने माझा राग गेला नाही. भीती वाटली, खाली जाववलं नाही, त्यात लाज कसली? मी हसले असते का तुला? तू येऊन म्हणायचंस, अल्बिना, माझ्याने होत नाही, ट्रेलर कारखान्यात ने. सात शब्द. त्याऐवजी तू पुढच्या वर्षी हाताला ग्रीस फासलंस. त्याच्या पुढच्या वर्षीही फासलंस.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीची, डोरीनची, दोन्ही मुलं माझ्या गाडीत मागे बसली होती. वुल्फ क्रीकचा घाट उतरताना धाकटी गाणं म्हणत होती. मागे तो तडा गेलेला पाटा होता. तुझ्या आणि वॉरेनच्या अब्रूपायी ती पोरं दरीत गेली असती, आणि अंत्यविधीला तुम्ही दोघं काळे कोट घालून उभे राहिला असता.

मी तेव्हा साठीची होते, गुडघे आजच्यापेक्षा बरे होते. मला सांगितलं असतंस तर तेव्हाच मी खाली गेले असते. तुम्हा दोघांच्या डोक्यात ते आलंच नाही. तिसरं माणूस घरात आहे, तिला हात आहेत, हे आलंच नाही.

खरं म्हणजे यातलं निम्मं वॉरेनला ऐकवायचं होतं. पण तो सुटला. कोपरापर्यंत काळे हात मी दर वर्षी गरम पाण्याने धुऊन दिले, दादा. पाठ चोळून दिली. तो डोळे मिटून बसायचा. आता तो डोळे का मिटायचा ते कळलं आणि भांडायला माणूस नाही. म्हणून त्याच्या वाट्याचंही तूच ऐक.

काम पुरं झालं. सगळे नट मापाच्या पान्याने आवळले, पन्नास मैल फिरवून आणून पुन्हा आवळले. दोन अर्धा फेरा फिरले, बाकीचे हलले नाहीत. ट्रेलर आता सरळ चालतो. खड्ड्यातून गेला तरी कपाटातल्या बश्या वाजत नाहीत. रोझेलाने खाली जाऊन एकेक बघितलं आणि म्हणाली की शाळेची पोरं यात बसवायला हरकत नाही. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मायेचं आत्ता विचारू नकोस.

अल्बिना


विल्बर
९ जुलै १९९७

चि. अल्बिना,
अ. आ.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो.

तू लिहिलंस ते खरं आहे. वॉरेनने विनवलं म्हणून सुरू केलं, पण त्र्याण्णवनंतरचं खोटं माझं आहे. खाली वाकलो की छातीवर तो आस येतो. लोहाराने हे कुणाला सांगायचं? दर वर्षी वाटायचं, पुढच्या एप्रिलला जमेल. तू फाटकातून बाहेर पडलीस की मी डोरीनच्या नंबरची चिठ्ठी फोनजवळ ठेवायचो आणि तू पोचल्याचा फोन येईपर्यंत कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसायचो. एवढी भीती वाटत होती आणि तरी तोंड उघडलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे. गॅरीच्या गुरांच्या ट्रेलरलाही मी दर वर्षी बघितलंय म्हणत आलो. बघितलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर रविवारी जेवताना त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. तो ताट सोडून उठला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग ट्रेलर कारखान्यात नेला, तर पाटा जिथे चौकटीला लटकतो तिथला सांधा तुटत आला होता. फटीत बोट जात होतं. शनिवारी तो आणि सूनबाई कार्ला त्यातून वासरं ओमाहाला नेणार होते.

गॅरी मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

खोलीचं पुन्हा काढणार नाही. क्षमा मागतो, ती तू द्यायलाच हवी असं नाही.

दादा


साउथ फोर्क
२१ जुलै १९९७

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गॅरी आणि कार्लाचं वाचलं. हे तू तोंडाने सांगितलंस म्हणून ती दोघं आहेत. हे मी मान्य करते. त्यापुढचं अजून मान्य करत नाही.

चार ऑक्टोबरला येते. घाट मीच उतरवणार. ट्रेलर गोठ्यामागे नको, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावीन, तिथली जागा मोकळी कर. पहिला दिवस भांडायचा. माझ्याकडे बोलायचं पुष्कळ साठलंय आणि ते कागदावर मावत नाही. त्या दिवशी वहिनींना त्यांच्या बहिणीकडे पाठव, म्हणजे त्या मध्ये पडणार नाहीत. तू पळायचं नाहीस, खुराड्यातही नाही. अंगणात खुर्ची टाकून बसायचं आणि ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी वहिनी परत आल्या की जेवायला काय करायचं ते तिघं मिळून ठरवू. कणीक मळायची झाली तर ती तू मळ.

अल्बिना