एकतीस वर्षं न विझलेला दिवा

३ मार्च, सोमवार. सकाळची घंटा झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, पण त्यावाचून माझं आजवर काही अडलेलं नाही. नातीने फोनमध्ये वही करून दिली आहे. आधी मेणबत्तीचं चित्र दाबायचं, मग माईकचं, मग बोलायचं, शेवटी बाण. बाण दाबला की बोललेलं जागेवर जातं. ती म्हणाली, आजी, ही वही फक्त तुझी, दुसरं कोणी वाचणार नाही. मी म्हटलं, मलाही वाचता येत नाही, म्हणजे कुलूप पक्कं.

कारण असं. काल मिस्सा संपल्यावर फादरांनी जाहीर केलं की वेदीजवळचा लाल काचेतला अखंड दिवा काढून तिथे लाल बल्ब लावायचा विचार आहे. काजळीने छत काळं झालं म्हणे. सोळा तारखेला सभा, हात वर करून निर्णय. त्या दिव्यात एकतीस वर्षं मी तेल घालते. एकतीस वर्षांत तो एकदाही विझलेला नाही. आणि आता वायरमन येऊन देवाला बटण लावणार! माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या साखळीला वायर शिवणार नाही.

संकल्प. दिवा वाचवायचा. चिडायचं नाही. धाकट्या जावेला क्षमा करायची, पण घाई नाही.

४ मार्च, मंगळवार.

धाकटी बल्बच्या बाजूची असणार. विचारलेलं नाही. विचारणार कशी, बारा वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. बारा वर्षांपूर्वी भर पंगतीत, पुतण्याच्या लग्नात, चाळीस माणसांसमोर ती म्हणाली होती, अक्का, काल दिवा विझला होता. त्या दिवसापासून चर्चमध्ये ती डाव्या बाकावर, मी उजव्या.

परवाच्या प्रवचनात फादर म्हणाले, ज्याच्या मनात अढी, तो भर दुपारी अंधारात चालतो. किती नेमकं बोलले. मी लगेच मान वळवून धाकटीकडे पाहिलं. तर ती माझ्याकडे बघत होती. अंधारातल्या माणसाला बोट नेहमी दुसऱ्याकडेच रोखलेलं दिसतं.

६ मार्च, गुरुवार. सकाळी सहा.

वहीत खरं बोलायला हरकत नाही.

मी गेले तेव्हा दिवा जळत नव्हता. याला विझणं म्हणत नाहीत. माणूस काम करता करता टेकतो, तसा तो विसावा घेतो. वेदीच्या डाव्या बाजूच्या फुलदाणीमागे माझी काडेपेटी असते. घंटावाला यायच्या आत पेटवला की झालं. जे कोणी पाहिलं नाही, ते घडलं कशावरून? पण फुलदाणीला चीर गेली आहे, पाणी झिरपतं, काडेपेटी ओली. सात काड्या फुकट गेल्या. देवा, तुझं काम करते आणि तू मला कोरडी काडी देत नाहीस?

बाण दाबला. लगेच फोन टिंग करून वाजला. मग पुन्हा. अकरा वेळा वाजला. फोनलाही पटलेलं दिसतं.

७ मार्च, शुक्रवार.

फुलदाणीमागे कोरडी काडेपेटी! एक नव्हे, दोन. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. मी तिथेच गुडघे टेकले, आणि मग उठता येईना म्हणून बराच वेळ प्रार्थना केली.

बाण कुठे जातो ते आज कळलं. सरळ वर.

९ मार्च, रविवार.

आज सगळं चर्च माझ्याकडे बघून हसत होतं. माणसाच्या आतला उजेड चेहऱ्यावर येतो तो असा. पाववालीने माझा हात दाबला. शिवणवाल्या बाईने विचारलं, काय आजी, आज विसावा झाला का? मी म्हटलं, झाला, दुपारी तासभर. ती पदर तोंडाला लावून पळाली. बिचारीला ठसका लागला असावा.

एक मागणं आहे. दिव्यापर्यंत हात पोचायला जे स्टूल आहे त्याचा एक पाय डुगडुगतो. घंटावाल्याला सहा वर्षं सांगते आहे. तो म्हणतो, बघतो. एक दिवस मी पडेन आणि मग तो बघेल.

बाण. टिंग टिंग.

१० मार्च, सोमवार.

स्टुलाला नवा पाय! शिवाय धरायला एक दांडा. घंटावाल्याला विचारलं, तर आपल्याला काही माहीत नाही म्हणाला. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. देव कोणाच्या हातून काम करून घेतो ते त्या हातालाही कळत नाही.

मला आता कसलीच भीती नाही. फादरांनी दहा बल्ब आणावेत.

१२ मार्च, बुधवार.

आज जरा मोठं मागितलं. देवा, धाकटीची दाढ रविवारपर्यंत दुखू दे. फार नको. सभेत तोंड उघडता येऊ नये, एवढीच. हा राग नव्हे, ही व्यवस्था.

१३ मार्च, गुरुवार.

धाकटी सकाळी गालाला रुमाल बांधून चर्चमध्ये आली.

दिव्याचं तेल माझ्या हातून आज अर्धं जमिनीवर सांडलं. देवा, एवढ्या लगेच कशाला ऐकायचं? ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, सासूबाई रागावल्या की माझ्या पाठीमागे लपायची. दाढ परत घे. मी मागितलंच नव्हतं असं समज.

एक मात्र सांगते. रुमाल बांधून ती हसत होती. दाढ दुखत असताना हसणं, याला म्हणतात अंधार.

१४ मार्च, शुक्रवार.

रुमाल गेला. मला कोणी धन्यवाद दिले नाहीत. चालायचंच.

१५ मार्च, शनिवार. दुपार.

उद्या सभा. वेदीसमोर उभी राहून शपथ घेणार, की एकतीस वर्षांत दिवा एकदाही विझलेला नाही. माझ्या शब्दापुढे कोणाचा हात बल्बसाठी वर होतो ते बघते.

शपथ खोटी नाही. या आठवड्यात तीनदा विसावा झाला, तो वाऱ्यामुळे. वाऱ्याचं पाप माझ्या नावावर कशाला? आणि बारा वर्षांपूर्वी मी तापाने पडून होते, तेव्हा चार दिवस तेल घालायला गेलेच नाही. पण कोणाला पाठवलंही नाही. पाठवलं असतं तर दिवा माझा राहिला नसता.

हे बोलायला नको होतं. पण बाण दाबला गेला.

आज टिंग झालं नाही. फोन बिघडला की काय?

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ.

काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे माझी बाजू खरी ठरेल.

मी शपथेसाठी उठले. स्टुलाचा दांडा धरला. तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटी उभी राहिली. म्हणाली, अक्का, बसा. देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलू नका, मी बसून खरं सांगते. आणि तरी उभीच राहिली. म्हणाली, दिवा विझतो. पूर्वीही विझायचा. त्या लग्नात मी बोलले ते चुकलं, कारण बोलण्याऐवजी पेटवायला हवा होता. तेव्हापासून पेटवते. पहिल्या घंटेआधी येते, अक्का येण्याआधी जाते. आणि पर्समधून काडेपेटी काढून तिने बाकावर ठेवली.

मी म्हणणार होते, एकटी तू पेटवतेस याला साक्ष कोण? तर घंटावाल्याने खिशातून काडेपेटी काढली. मग पाववालीने. शेवटी फादरांनी झग्याच्या आत हात घातला, आणि त्यांच्याकडे तर लायटर निघाला.

एकतीस वर्षं मी एकटीने सांभाळलेल्या दिव्याला एवढे चोर!

मग मतं. दिव्यासाठी पहिला हात धाकटीचा. पाठोपाठ सगळ्यांचे. बल्बसाठी फक्त वायरमनचा, आणि तोही नंतर लाजून खाली आला. छत वर्षातून एकदा पुसायचं, आणि तेलाला पाळ्या लावायच्या, दिवसाला एक बाई. बुधवार धाकटीचा. गुरुवार माझा.

गुरुवार! ज्या बाईचे सातही वार होते, तिला एक गुरुवार! मी म्हटलं, मला मान्य नाही. फादर म्हणाले, आजी, लिहून घेतो. मी म्हटलं, लिहा, मला कुठे वाचायचंय.

त्याच दिवशी, जेवणानंतर.

घरी आल्यावर नातीला सांगितलं, माझी वही वाचून दाखव, माझ्या शब्दांत सगळं लिहिलेलं आहे, उद्या पुरावा लागेल. तिने फोन घेतला आणि बोटाने वरखाली सरकवत राहिली. मग म्हणाली, आजी, तुझी वही रिकामी आहे.

महिला मंडळाच्या ग्रुपलाही मेणबत्तीचंच चित्र आहे. मंडळाची मेणबत्ती वर, माझी खाली. मी आजवर सगळं मंडळात बोलले. सेहेचाळीस बायका, त्यांत घंटावाल्याचीही. वर मार्गदर्शक म्हणून फादर. काडेपेटी, स्टूल, विसावा, दाढ. दाढसुद्धा.

बाण वर जात नव्हता. आडवा जात होता.

नातीला विचारलं, कोणी काही बोललं नाही का? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी धाकट्या आजीने लिहिलंय, कोणी अक्कांना सांगायचं नाही, त्यांचं मन मोकळं होतंय. आणि काडेपेटी प्लास्टिकमध्ये कोण ठेवतंय, असंही तिनेच विचारलंय, आणि मग मीच ठेवते, असंही.

मला कोणी हसू नये. माझ्या मनात अढी नाही, अंधारही नाही. फक्त आज दिवा लवकर मालव म्हणून नातीला सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार.

काही बोलायचं नाही.

२० मार्च, गुरुवार. सकाळी पावणेसहा. चर्चमधून.

नातीने खरी वही वर आणून ठेवली आहे, पण मी मुद्दाम खालची मेणबत्ती दाबली आहे. ऐका सगळ्या. फादर, तुम्हीही.

मी आले तेव्हा दिवा विझलेला होता. विसावा नाही. विझलेला. कालची पाळी कोणाची होती ते मी बोलणार नाही, बुधवार कोणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. वात आखूड कापली होती. वात अशी कापतात का?

मी पेटवणार होते. फुलदाणी कोणीतरी पुन्हा भरून ठेवली आहे, आणि दोन्ही काडेपेट्या पिशवीच्या बाहेर. सगळं ओलं. अंधारात स्टुलावर बसून बोलते आहे. चिडलेली नाही.

धाकटे, जागी असशील तर ये. येताना कोरडी काडेपेटी आण.