ढगातलं वावर

रिठद, ता. रिसोड

प्रिय हरीओम,

‘प्रिय’ संस्कृतीनं लिहिलं. मी ‘काय रे लेका’ म्हटलं होतं. तुझी बहीण बारावीला गेल्यापासून माझं बोलणं धुऊन वाळवून मगच कागदावर घालते. त्यामुळे या पत्रात मी कुठं फार शहाणी वाटले तर तो दोष तिचा. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुझा बाप स्पीकर लावून मधोमध बसतो, अन् तू तिकडं पुण्याहून ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतोस. पत्राला मीटिंग नसते.

तक्रार आधी सांगते. चार दिवस झाले, माझं वावर बंद आहे. रिठदचं शेत नाही, ते आहे जागेवर. तुझ्या कम्प्युटरातलं. संस्कृतीनं नेहमीसारखं उघडायला घेतलं तर तो डबा पासवर्ड मागायला लागला. जुना दिला, घेईना. ती म्हणे दादानं बदलला. तिकडं माझा गहू कापायला आलेला, कोंबड्यांना दाणा नाही, अन् मी दाराबाहेर उभी. कोणता नातू आजीचं वावर असं कुलपात घालतो, तेवढं मले सांग.

मी त्यात शिरले कशी, हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं अन् डॉक्टरनं वावरात जायचं बंद केलं. सकाळी तुझा बाप, तुझी आई, सगळे डबे घेऊन निघायचे, अन् मी खाटेवर बसून भिंत पाहायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वावर चुकलं नव्हतं. भिंत पाहून पाहून मला तिचे पोपडे तोंडपाठ झाले. एक दिवस संस्कृतीनं मला उचलून खुर्चीवर बसवलं, तो माऊस हातात दिला अन् म्हणाली, आजी, हे घे वावर. पडद्यावर दिवस उगवला. गव्हावरून वारा गेला तर गहू खरोखर वाकला, अन् वारा पुढं निघून गेल्यावर हळूच सरळ झाला. मी तोंडाला पदर लावून बसले. ज्यानं कुणी हे केलं असेल, तो गव्हाजवळ पुष्कळ बसलेला असणार, हे मी लिहून देते. तूर मात्र नाही त्यात. तूर नाही अन् वावर म्हणतात.

तुझी पहिली सीडी आठवते का? तुझ्या बापानं अकोल्याहून आणली होती, खोक्यावर लाल गाडी. ते खोकं तू उशाशी घेऊन झोपायचास. मग शेजारच्या प्रज्वलनं खेळायला नेली अन् चरे पाडून आणली. गाडी वळणावर जाऊन अडकायची अन् तू जेवायला उठायचा नाहीस. मी त्या सीडीला खोबरेल तेल चोळून पाहिलं होतं, तर तू आणखीच रडलास.

म्हणून पुढं मोठेपणी एका दिवाळीत तू हा शेतीचा गेम घेतलास तेव्हा मी खोकं पाहायला आले. तर ना खोकं, ना सीडी, ना दुकान. म्हटलं, माल कुठाय? तू म्हणालास, उतरून राह्यला. संध्याकाळी लावलेला दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. मधे लाइन गेली, नेट गेलं, तू मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढून बसलास. इतक्या वेळात मी रिसोडला जाऊन आले असते. पण एक गोष्ट मला तेव्हाच पटली. जिथं तुटलं होतं तिथूनच त्यानं पुढं धरलं, पहिल्यापासून नाही. तू म्हणालास, थोडं खेळून पाहायचं अन् नाही आवडलं तर दुकान परतही घेतं. मी बियाणंवाल्याला हे सांगितलं असतं तर तो काउंटरवरून खाली पडला असता. पेरून पाह्यलं, नाही पटलं, घ्या वापस.

अन् मग ती वीज पडली. डब्यातून धूर निघाला, तू कपाळाला हात लावून बसलास. पण गेमसाठी नाही, डब्यासाठी. पुढं नवा डबा आला, तू नाव घातलंस, पासवर्ड घातलास, अन् सगळं होतं तसं परत. वावर, गोठा, मोजून त्याच कोंबड्या. मी विचारलं, हे होतं कुठं? तू म्हणालास, ढगात. आपल्या घरात जे जळालं ते कधी माघारी आलं नाही, हरीओम. तुझे आजोबा ज्या पेटीत फोटो ठेवायचे ती पेटी जळाली, तेव्हापासून त्यांचा चेहरा मी मनातच धुंडाळते. अन् इथं कोंबड्यासुद्धा परत आल्या. त्या दिवशी मी अंगणात जाऊन वर पाहिलं होतं, तुला माहीत नाही.

खोट नाही असं नाही. प्रज्वल दारात येऊन मागत होता, तर तू म्हणालास, हा देता येत नाही, खात्याला बांधलेला आहे. अन् गेम आपला नसतोच म्हणालास, खेळायची परवानगी तेवढी आपली. मग मला समजलं. हे ठेक्याचं वावर आहे. पीक घ्या, पण बांध आपला नाही. उद्या दुकानवाल्यानं दुकान उचललं तर कुठं जाशील विचारलं तर तू हसलास, एवढं मोठं दुकान कुठं जातं म्हणालास. रिसोडच्या बाजारात एक कापडवाला होता, तोही असाच हसायचा.

पण खरी नवलाई पुढंच आहे. मी एक दिवस ओढ्याकडच्या तुकड्यात गहू पेरून उठले. पुढं तो पिकला, अन् पाहते तर कापून कोठारात भरलेला. मी संस्कृतीला म्हटलं, चोर आला. ती म्हणे, चोर नाही आजी, दादा. त्याच्या लॅपटॉपवर पुण्यात हेच वावर उघडतं. तिला मला दोनदा समजावून सांगावं लागलं. मी रिठदला पेरलं अन् तू पुण्यात कापलं. माझी आई मी सासरी आल्यावर एकदाच भेटायला येऊ शकली, किन्हीराजाहून इथवर, अन् तेही बैलगाडीनं. अन् इथं नातू माझ्या मागं मागं कापत चालला, मधे किती गावं, किती डोंगर. त्या दिवशी मला भूक नव्हती.

तूच कापलंस याची खात्री कशी पटली, तेही सांगते. आपल्या घरात बांधाकडची शेवटची ओळ कापत नाहीत. ज्वारी असो की गहू, ती पाखरांची. तुझ्या आजोबांनी दुष्काळातही ती सोडली होती. संस्कृती म्हणत होती, आजी, गेममधली पाखरं दाणे खात नाहीत, नुसती उडतात. म्हटलं उडू दे, आपण ठेवायची. अन् तू कापलेल्या त्या तुकड्यात बांधाकडची ओळ उभी होती. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मग माझी ओळ तू पाहायचास अन् तुझी मी. फोनवर आपण इतकं कधी बोललो नाही.

एकच नियम त्या वावराचा वाईट. एका खात्यावर एका वेळी एकच माणूस. तू तिकडून शिरलास की माझ्या पडद्यावर एक चौकोन येतो अन् मला बाहेर काढतो. पहिल्यांदा आला तो रविवारी. संस्कृतीनं वाचून सांगितलं, दादा खेळून राह्यला. मी खुशीनं उठले, माझ्या हातचं खुरपं जणू तूच घेतलंस. पुढं तोच चौकोन मंगळवारी आला. शाळेची दुपारची घंटा होऊन राह्यली होती. मी विचारलं, काय लिहिलंय? संस्कृती म्हणाली, नेट गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच घंटेला पुन्हा नेट गेलं. तिसऱ्या दिवशीही. मला अक्षर येत नाही, पण गोठ्यातली गाय मी अंधारात हात लावून ओळखते. चौकोन तोच होता. मी तिला चहा ठेवायला सांगितला.

आता संस्कृतीचा पेन थांबला आहे. मी तिला म्हटलं, पाणी पी अन् लिही, तुझ्यावर राग नाही, दादाचं झाकलंस ते बहिणीनं झाकावंच. हरीओम, दुपारच्या घंटेला तू ऑफिसात असतोस असं तुझा बाप गावभर सांगत फिरतो. अन् तू त्या वेळेला वावरात असतोस, हे मला कळून राह्यलं होतं. तुझ्याकडंही तसाच चौकोन येत असेल. आजी बसली आहे हे तुलाही कळलं, म्हणून कुलूप लावलंस. चोरासाठी नाही, माझ्यासाठी. काम सुटलं की सोडलं, ते मी कागदावर विचारत नाही. तुझ्या बापाला, जगदेवला, मी सांगितलेलं नाही अन् सांगणारही नाही, ते तुझ्या तोंडून निघू दे, मी शेजारी बसेन. कामावरून घरी आलेला माणूस आपल्याकडं उपाशी राहत नाही, अन् काम नसलेलाही नाही. हळद काढून झाली आहे, शिजवायची आहे, कढईपाशी माणूस कमी पडतो. पुन्हा पुण्याला जायचं तर जाशील. ढगातल्या वावरात आपण दोघं एकदम कधीच उभे राहू शकलो नाही, एक आला की दुसऱ्यानं निघायचं. या वावरात तसं नाही. डॉक्टरनं आता बांधावर बसायला परवानगी दिली आहे. बांधाकडची गव्हाची शेवटची ओळ उभी आहे. तू चाल, मी पाहते.

तुझीच, कुलपाबाहेर बसलेली,
सोजर आजी

ता. क. सही येत नाही, म्हणून खाली अंगठा लावला आहे, पिवळा दिसतो तो हळदीनं. तुझा पासवर्ड बदलता येतो. हा बदलत नाही.