लाल निकेलची बाटली

प्रिय केतन,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी पूनम सागरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर उभी होते. इतक्या वर्षांनी तुझा आवाज, आणि त्यात 'क्षितू' अशी हाक. आपण एका प्रयोगशाळेत काम करायचो, लग्न ठरलेलंच आहे असं सगळे धरून चालायचे, तेव्हाची ती हाक. भाजीवाला म्हणत होता, मॅडम, लेना है तो लो, धूप लग रही है. मी तुला हो म्हटलं.

तू मागितलेली बाटली माझ्याकडे आहे. निकेलचं ते लाल संयुग मी बनवलं होतं, आणि त्यात चुंबकत्व आहे असं सांगणाऱ्या तुझ्या लेखाने ते गाजलं. आता बुधवारी तुमच्या संस्थेची समिती तुझ्या विद्यार्थिनीचा, नेहाचा, प्रबंध फेटाळायचा का ते ठरवणार आहे. तिने नव्याने बनवलेल्या त्याच संयुगात चुंबकत्व सापडत नाही. तू म्हणतोस, तिचं काम गचाळ आहे. जुना नमुना दाखवला की तू खरा ठरशील.

ती बाटली कशी भरली, आठवतं? काचेच्या गाळणीवरचे स्फटिक मी प्लास्टिकच्या चमच्याने अलगद सोडवायचे, तळाला चिकटलेले तसेच राहू द्यायचे. आमच्या भाईंदरच्या मिठागरात तेच करतात. तळ खरवडला की मिठात चिखल येतो. तू मला मिठागरवाली म्हणायचास. लाडाने म्हणायचास, पण नेहमी चार लोकांत. त्या दिवशी मी डबा खायला गेले आणि तू स्टीलच्या पट्टीने गाळणी खरवडून शेवटचा कणही काढलास. वजन जास्त भरलं म्हणून खूश होतास. मग तेच चुंबकाच्या तराजूवर चढवलंस, आणि तराजू हलला.

असं लाल निकेल चुंबकाकडे ओढलं जात नाही, हे मी आता कॉलेजातल्या पोरांना शिकवते. त्याचा वर्णपटही तेच सांगत होता. वर्णपट एक बोलतो आणि तराजू दुसरंच, तेव्हा माणसाने आधी आपली भांडी तपासावीत. तू नवा सिद्धान्त मांडलास. लेख छापून आला तेव्हा आपल्या लग्नाची बोलणी चालू होती. माझं नाव अगदी शेवटी, आभारांत, काचसामान पुरवणाऱ्याच्या खाली. मी विचारलं तर म्हणालास, अगं, लग्नानंतर घरात एकच नाव असणार ना.

मी लग्न मोडलं. का, ते आईलाही सांगितलं नाही. निघताना बाटली उचलली. तेव्हाच बोलले असते तर लोक म्हणाले असते, मोडलेल्या लग्नाचा राग काढतेय. राग होताच. लोक म्हणतात रागाने माणूस झिजतो. मी चांगली जाड झाले. तुझ्या प्रत्येक पुरस्काराची बातमी वाचली आणि वाट बघितली, तू स्वतः ती बाटली कधी मागतोस याची.

तुझ्या फोननंतर दोन दिवसांनी नेहा घरी आली. आभारांतल्या नावावरून तिने मला शोधलं. सोफ्याच्या कडेला बसून रडली. मॅम, मी स्फटिकांना स्टील लावतच नाही, तरी सर सगळ्यांसमोर म्हणतात, हातच घाण आहे हिचा. रविवारी आम्ही दोघींनी बाटलीतला तुझा नमुना माझ्या कॉलेजात मोजला, आधी कमी चुंबकक्षेत्रात, मग जास्त. चुंबकत्व त्या संयुगाचं असतं तर आकडा जागचा हलला नसता. क्षेत्र वाढवलं तसा तो घसरला. लोखंडाचा कीस मिसळला की असंच होतं. थोडा पदार्थ विरघळवला तर तळाला काळे कण उरले. नेहाने ते साध्या चुंबकाने ओढून दाखवले.

तू समितीला लिहून दिलंयस की मूळ नमुना क्षितिजा मॅडम स्वतः आणतील आणि त्यांचं मत मला मान्य असेल. नेहाने ते मला वाचून दाखवलं. मी येतेय, तिच्याबरोबर. नको येऊस म्हणायला फोन करू नकोस, आकडे आज सकाळीच समितीकडे गेलेत. हे पत्र मंगळवारी तुझ्या हातात पडेल अशा बेताने पाठवतेय. बुधवारी एकदम कळलं असतं तर तू पाच मिनिटांत सुटला असतास. मला हवंय, की एक पूर्ण दिवस तू हे माहीत असताना काढावास. दोष वाटून घ्यायला कुणीतरी शोधशीलच. तेव्हा तो लेख काढून बघ. त्यावर नाव एकट्या तुझंच आहे.

एकेकाळची तुझीच,
क्षितिजा